अजून कोनाचे?

कुरोड्यांचं काम पहाटेच करावं लागतं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, चीक गाळून तो रात्रभर निवळू द्यायचा. उजाडायच्या आत चूल पेटते. शिजलेला चीक गरम असेतोवरच सोऱ्यातून उतरतो. थंड झाला की घट्ट होऊन बसतो, मग तीन दिवसांची मेहनत ढोरांपुढे टाकायची वेळ येते. आमच्या राळेगाव तालुक्यात मे महिन्यात दहानंतर अंगणात पाऊल ठेववत नाही, म्हणून सगळं त्याआधी उरकायचं. बाजेवर जुनं धुतलेलं लुगडं अंथरलेलं असतं. बायको चीक भरून देते, मी सोऱ्या फिरवतो, खाली उतरणाऱ्या शेवेचं वेटोळं ती धरते. लग्नाला सतरा वर्षं झाली, आणि दरवर्षी या एका कामाला आम्ही दोघं सोबत असतो.

२०२४ च्या मे महिन्यात, तिसऱ्यांदा सोऱ्या भरून झाल्यावर मी म्हणालो, "अवं, बँकेचं सोडून अजूनई कर्ज हाये माह्यावर."

तिचा हात थांबला. उतरणारी शेव तुटून लुगड्यावर पडली. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "चीक थंडा होऊन राह्यला. फिरवा."

मी फिरवत राहिलो आणि सांगत राहिलो. गावातल्या एकाचे पन्नास हजार, त्याचे आता साठ झालेत. कृषी केंद्राची उधारी अडतीस हजार. आणि बँकेचं जे एक लाखाचं पीककर्ज तिला ठाऊक होतं, ते मी दोन वर्षं नवं-जुनं केलेलं नाही, म्हणजे जुनं भरून नवं उचललेलं नाही, थकलंय, व्याजासकट एक लाख चौदा हजारांवर गेलंय. ती वेटोळी घालत होती. एकदाही वर पाहिलं नाही. पातेलं रिकामं झालं, तेव्हा बाजेवर कुरोड्यांच्या ओळी नेहमीसारख्या सरळ होत्या.

सांगायला मी तीच वेळ का निवडली, याचा पुढे बराच विचार केला. हात कामात होते, तोंडाकडे पाहावं लागत नव्हतं, हे एक. दुसरं सांगायला जड जातं: चीक शिजलेला असताना ती उठून जाऊ शकणार नाही, हे मला माहीत होतं. ती वेळ माझ्या सोयीची होती. तिच्या सोयीचा विचार मी तेव्हाही केला नव्हता.

*

सुरुवात २०२२ च्या पावसाळ्यात झाली. त्याआधीच्या हंगामात मी कापूस दिवाळीच्या आसपासच विकून मोकळा झालो होतो, आठ हजारांच्या आतबाहेर. पुढे भाव दहा हजारांच्या वर गेला. घरात ठेवलेल्यांनी पैसा केला आणि ते दुःख माझ्या डोक्यात घर करून बसलं. मग जुलैत अतिवृष्टी झाली, नाल्याकाठची पऱ्हाटी खरडून गेली, दुबार पेरणी करावी लागली. बँकेचा पैसा पहिल्याच पेरणीत संपला होता. गावातल्या एकाकडून पन्नास हजार घेतले, पाच रुपये शेकड्यानं. म्हणजे महिन्याला अडीच हजार, वर्षाला साठ टक्के. त्याच्याकडे सावकारीचा परवाना नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. त्यानं शंभराच्या स्टॅम्पपेपरवर एका एकराचं इसारपत्र लिहून घेतलं. घरी सांगितलं, कृषी केंद्रवाल्यानं दिवाळीपर्यंत थांबायचं कबूल केलंय.

तेव्हा वाटलं होतं, कापूस विकला की फेडून टाकू, तिला कळायचीही गरज नाही. पण त्या वर्षी मी कापूस विकला नाही. डिसेंबरात साडेआठ हजारांचा भाव चालून आला होता. मी दहाची वाट पाहिली. माझ्यासारखेच कितीतरी कास्तकार वाट पाहत होते. बावीस क्विंटल कापूस समोरच्या खोलीत छतापर्यंत भरलेला, पोरं त्याच्यावरच झोपायची. उन्हाळा लागला तशी त्यातल्या किड्यांनी सगळ्यांच्या अंगाला खाज सुटली. पोरीच्या मानेवर, हातांवर लाल चट्टे आले. बायको म्हणे, "इका आता, पोरं खाजवून रक्त काढून राह्यले." मी म्हणायचो, आठ दिवस थांब. शेवटी मे महिन्यात सात हजारांच्या जवळपास विकला. चुकारा हातात आला तो मजुरी, पोरांच्या फिया आणि पुढच्या पेरणीत गेला. सावकाराला मुद्दलातला रुपयाही देता आला नाही.

पुढच्या वर्षी सोयाबीन ऐन शेंगा भरताना पिवळा मोझॅक येऊन वाळलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे.

लपवायचं तंत्र हळूहळू जमत गेलं, आणि ते जमत गेलं याचीच मला आज जास्त लाज वाटते. फोन सायलेंटवर. सावकाराचा माणूस घरी येऊ नये म्हणून मीच पाणंदीवर त्याला गाठायचो. कृषी केंद्राच्या पावत्या फवारणीच्या पंपाच्या खोक्यात, कारण त्या खोक्याला ती कधी हात लावत नाही. १९ मार्चला आमच्याकडे पुष्कळ लोक एक दिवस जेवत नाहीत. १९८६ मध्ये याच दिवशी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबानं जीवन संपवलं, त्यांच्या आठवणीत हा अन्नत्याग असतो. मीही उपवास धरला होता. तिनं विचारलं, आज कशाचा उपास? मी शेतकऱ्यांच्या कर्जाबद्दल तिला अर्धा तास समजावून सांगितलं. माझ्या कर्जाबद्दल एक शब्द काढला नाही.

*

ज्या बाईपासून मी हिशोब लपवला, ती तिच्या बचत गटाची सचिव आहे. बारा बायकांच्या गटाचं रजिस्टर आठ वर्षं तिच्याकडे आहे, आणि त्यात खाडाखोड सापडायची नाही. कोणाचा हप्ता किती, कोणाकडे किती थकलं, हे तिला तोंडपाठ.

२०२३ च्या मार्चमध्ये गटाला बँकेचं कर्ज मंजूर झालं होतं. तिच्या वाट्याला तीस हजार येत होते, एक रुपया शेकड्यानं. तिनं ते घेतले नाहीत. घरी येऊन मोठ्या समाधानानं सांगितलं, "आपल्याले गरज नाई, पीककर्जाशिवाय आपल्यावर हाये काय? मी माह्या वाट्याचे दुसरीले देल्ले, तिच्या पोराचं ऑपरेशन हाये." मी हो म्हणालो. त्याच आठवड्यात मी पाणंदीवर अडीच हजार रुपये मोजले होते. तीस हजारांवर तिला महिन्याला तीनशे रुपये व्याज पडलं असतं. तेवढ्याच रकमेवर मी दीड हजार भरत होतो.

ही गोष्ट मला सावकाराच्या व्याजापेक्षा जास्त खुपते. ती बाई दोन वर्षं चुकीच्या आकड्यांवर आपलं घर चालवत होती. कोणाला मदत करायची, पोरीला कुठं शिकवायचं, दिवाळीत काय घ्यायचं, हे सगळं तिनं विचार करून ठरवलं, आणि ते ज्या हिशोबावर ठरवलं तो मी खोटा करून ठेवला होता. पैसा मी वावरात घातला, दारूत उडवला नाही, जुगारात हरलो नाही, असं मी स्वतःला सांगायचो. ते खरंही होतं. पण ठरवायचा तिचा हक्क मी काढून घेतला होता, आणि त्याची भरपाई कशानं होते ते मला अजून कळलेलं नाही.

*

कुरोड्यांच्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती बोलली नाही. रात्री भांडी घासून झाल्यावर ओसरीत येऊन बसली. एकच विचारलं:

"अजून कोनाचे?"

मी म्हणालो, "नाई. एवढेच."

ते खोटं होतं. अजून वीस हजार होते. तिच्या भावाचे.

२०२२ च्या दिवाळीत मी माझ्या साळ्याला फोन करून मागितले होते, आणि बहिणीला सांगू नका म्हणून गळ घातली होती. त्यांनी शब्द पाळला. पण त्यांच्या घरात ते लपून राहिलं नसणार. दोन भाऊबीजा ती माहेरी जाऊन आली. दोन्ही वेळा परतताना गप्प गप्प होती. एकदा म्हणाली होती, "वैनी आता पयल्यासारकी बोलत नाई. माह्याकून काई चुकलं का?" मी म्हणालो होतो, त्यांच्या घरी त्यांची काही अडचण असेल.

सगळं सांगून टाकायचं ठरवूनसुद्धा मी हे मागे का ठेवलं? कारण बाकी तीन कर्जांना कारण होतं. पाऊस, भाव, रोग. कोणालाही सांगता आलं असतं. या वीस हजारांत तिला तिच्या माहेरी मान खाली घालायला लावलं होतं, तेही तिच्या नकळत. तीन दिवस मी ते पोटात घेऊन फिरलो. चौथ्या दिवशी बैल पाजायला नेताना ती मागून आली, तेव्हा सांगितलं.

ती रडली. पहिल्या दिवशी दोन लाखांच्या वरचं कर्ज ऐकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. हौदाच्या काठावर बसून ती पदर तोंडाला लावून रडली आणि म्हणाली, "दोन वर्सं मी ओवाळलं त्याले. त्यानं ताटात पाचशे टाकले. मले माहीत असतं त मी घेतले असते का?"

त्यानंतर अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं. स्वयंपाक व्हायचा, ताट पुढे यायचं. तिनं माझ्या आईला सगळं सांगितलं. मला ते तेव्हा आवडलं नाही. पण आईशी तरी तिला बोलता आलं, नाहीतर ती कोणाजवळ बोलणार होती?

*

बाराव्या दिवशी तिनं गटाच्या रजिस्टरसारखंच एक नवं रजिस्टर आणलं आणि पंपाचं खोकं ओसरीत आणून पालथं केलं. कोणाचे, कधी घेतले, किती घेतले, किती दिले, कागद काय लिहून दिला, असे रकाने आखले. "व्याज किती गेलं आतापर्यंत?" सावकाराचं तिनं विचारलं. मला सांगता येईना. मी कधी बेरीजच केली नव्हती, हिंमत झाली नव्हती. फोनमधल्या नोंदी आणि आठवण मिळून तिनं बेरीज काढली. बावीस महिन्यांपैकी अठरा महिन्यांचे भरलेले, पंचेचाळीस हजार. चार महिन्यांचे थकलेले दहा हजार. मुद्दल जिथल्या तिथं.

मग तिनं एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. गटाच्या एका बैठकीत सावकारीच्या २०१४ च्या कायद्याची माहिती दिली होती. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकऱ्याकडून वर्षाला तारणावर नऊ आणि विनातारण बारा टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. व्याजाची एकूण वसुली मुद्दलापेक्षा जास्त करता येत नाही. परवाना नसताना हा धंदा करणं गुन्हाच आहे, आणि त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकांकडे करता येते. तिनं बारा टक्के धरून मांडलं. पन्नास हजारांवर महिन्याला पाचशे, बावीस महिन्यांचे अकरा हजार. एकूण एकसष्ट. भरलेले पंचेचाळीस. उरले सोळा. तो माणूस साठ मागत होता.

मी एकटा दोन वर्षं त्याच्यासमोर मान खाली घालून उभा राहत होतो, कारण त्याच्या हातात माझी चोरी होती. "घरी सांगू काय?" एवढं त्यानं विचारलं की मी खिशात हात घालायचो. घरी माहीत झाल्यावर त्याच्याजवळ काय उरलं? आम्ही दोघं, गटातल्या दोघी बायका आणि गावातले एक वडीलधारे असे त्याच्याकडे गेलो. बोलली तीच. आवाज चढवला नाही, रजिस्टर उघडून पुढे ठेवलं. तासाभराच्या घासाघिशीनंतर पंचवीस हजारांवर तोड निघाली. तो स्टॅम्पपेपर फाडायला निघाला, तर तिनं हात पुढे केला: फाडू नका, आमचा आम्हाला द्या, आणि भरून पावलो असं लिहून सही करा.

तक्रार आम्ही केली नाही. त्याचं घर आमच्या घरापासून चार घरांवर आहे, बैलाचा पाय मोडला तर त्याच्या पोराला हाक मारावी लागते. पण ते बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांची जमीनच लिहून घेतलेली आहे, त्यांनी आमच्यासारखं गप्प बसू नये. व्याजापोटी बळकावलेली जमीन परत मिळवून द्यायची तरतूद त्या कायद्यात आहे.

पैसा कुठून आणायचा? घरात चार क्विंटल तूर होती, आणि त्या उन्हाळ्यात तुरीला अकरा हजारांच्या वर भाव होता. चव्वेचाळीस हजार आले. इथं आमचं भांडण झालं. मी म्हणालो, सगळ्यात जास्त व्याजाचं आधी फेडायचं, सावकाराचे द्यायचे, मग कृषी केंद्र. साळ्याच्या पैशाला व्याज नाही, ते थांबतील. ती म्हणाली, आधी दादाचे. मी आकडे मांडून दाखवले. ती म्हणाली, "तुमचा हिशोब बरोबर हाये. पन आधी दादाचे." वीस हजार घेऊन ती एकटीच माहेरी गेली. मला सोबत येऊ दिलं नाही. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. उरलेल्या चोवीस हजारांत हजार घालून सावकाराचं मिटवलं.

मग तिनं गटातून चाळीस हजार उचलले. वीस कृषी केंद्राला दिले आणि उरलेल्यांत त्या वर्षीची सरकी आणि खत रोखीनं घेतलं. तेव्हाची ८६४ रुपये छापील किमतीची सरकीची थैली रोखीनं ८६४ लाच मिळते, हे बऱ्याच वर्षांनी अनुभवलं. केंद्राची बाकी अठरा हजारांची उधारी पीएम किसानच्या आणि नमो शेतकरीच्या हप्त्यांतून थोडी थोडी वळती झाली. लाडक्या बहिणीचे जुलैपासूनचे महिना दीड हजार ऑगस्टपासून तिच्या खात्यावर यायला लागले. तिनं पहिल्याच महिन्यात सांगून ठेवलं की हा पैसा कर्जाच्या रजिस्टरमध्ये येणार नाही. तो पोरीचा आहे.

मी त्या हिवाळ्यात तालुक्याच्या जिनिंगवर रात्रपाळीला गेलो. ती लोकांच्या वावरात वेचणीला जातच होती. या वेळी कापूस घरात एक महिनासुद्धा ठेवला नाही, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस खरेदीच्या केंद्रावर घातला. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, आम्हाला बाजारात चार हजारांच्या जवळपासच मिळाले.

बँकेचं राहिलं होतं. नोटीस आली. पूर्वी मी ती पंपाच्या खोक्यात घातली असती. तिनं ती कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली, येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसेल अशी. मला ते अवघड वाटायचं. गावात मात्र जो तो म्हणे, भरू नका, निवडणुकीत कर्जमाफीचं आश्वासन दिलंय, माफ होणार. मलाही थांबावंसं वाटत होतं. ती म्हणाली, थकलेल्या खात्यावर नवीन कर्ज मिळत नाही, मग पेरणीला पुन्हा कोणाच्या दारात जाणार? २०२५ च्या मार्चमध्ये कापसाचे पैसे घालून आम्ही खातं नवं-जुनं केलं. जे थांबले त्यांना मी चूक म्हणणार नाही. ज्याच्याजवळ भरायलाच नाही तो काय भरणार?

*

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जिनिंगला जायच्या दिवसांत एका संध्याकाळी आम्ही ओसरीत बसलो होतो. ती म्हणाली, "तुमी त्या वर्सी रोज अंधार पडल्यावर वावरात जात होते ना, काई काम नसताना? मी पोराले मागून पाठवत होती. बापाले जेवाले बलाव, म्हणत होती."

मला आठवलं. पोरगा धुऱ्यावरून टॉर्च हलवत यायचा, "बाबा, आई बलावते." मला त्याचा रागही यायचा.

फवारणीच्या औषधाचे डबे तिनं त्याच वर्षी जाऊबाईंच्या घरी ठेवायला दिले होते. घरात वास येतो म्हणून देते, असं मला सांगितलं होतं.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"कर्जाचं नाई. तुमचं माहीत होतं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "आपल्या गावात थ्या बाईले तेरवीच्या दिवशी माहीत झालं, नवऱ्यावर कोनाचे किती होते थे. मांडवात बसलेल्या लोकायनं सांगतलं. मले भेव त्याचं होतं."

मी काही बोललो नाही. पोरगा आत अभ्यास करत होता, त्याचा मोठ्यानं वाचायचा आवाज येत होता.

*

आता दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रजिस्टर ओसरीत येतं. गटाचे अकरा हजार उरलेत, बँकेचं या वर्षीचं चालू आहे. लिहून झालं की पेन तसंच उघडं ठेवून ती विचारते, "अजून कोनाचे?" आवाजात संशय नसतो, पण ती विचारायचं सोडतही नाही. सुरुवातीला मला ते टोचायचं. एकदा म्हणालोही, किती दिवस विचारशील? ती म्हणाली, "हाव, इचारीन."

या जुलैत डवरणीच्या दिवसांत पैसे कमी पडले आणि मी युरियाच्या दोन थैल्या उधार आणल्या. घरी येऊन आधी बैल सोडले, हातपाय धुतले, आणि पहिली तारीख यायला नऊ दिवस होते तरी रजिस्टर फळीवरून काढून तिच्यापुढे ठेवलं. ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच वर धरून म्हणाली, "तुमीच लिहा."

मी लिहिलं. तिनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "तारीख राह्यली."